तळ्याचा भाव

"तळं बुजवून तिथे वाहनतळ केलं, तर किती भरपाई मिळाल्यावर तुमची हरकत राहणार नाही?" पालिकेकडून घरोघरी पाहणीला आलेल्या मुलीने विचारलं.

"कितीही दिलीत तरी राहील," म्हातारे घड्याळजी म्हणाले.

नकार आला की आकडा वाढवायचा, अशी पद्धत होती. तिने पाच हजार म्हटलं, दहा म्हटलं, थेट पन्नासवर गेली. घड्याळजींना आता गंमत वाटू लागली.

"अहो ताई, लिलाव मांडलाय की काय? असं करा, एक अब्ज लिहा आणि चहा घ्या."

तिलाही हसू आलं, पण तिने आकडा लिहिला नाही. 'कितीही दिले तरी नाही' म्हणणारे आणि अवाच्या सवा आकडे सांगणारे, दोघांनाही कार्यालयात हिशेबातून सरळ वगळत. या गल्लीत सकाळपासून तिला तिसरं उत्तर मिळालंच नव्हतं. तळ्यावर जीव असलेली अख्खी गल्ली वगळली जाणार, उरलेल्या आकड्यांवरून तळ्याची किंमत जवळजवळ शून्य निघणार, आणि मग ते बुजणारच.

आतल्या खोलीत घड्याळजींची बायको खिडकीपाशी बसली होती. तिला आता नवराही ओळखू येत नसे. पाण्यावर बदकं उतरली की मात्र ती खुलायची, आणि तेवढ्यात चार घास तिच्या पोटात जायचे. तिला भरवता भरवताच ते उठून आले होते. ताटली अजून हातात होती.

उत्तर सुचवायला मुलीला सक्त मनाई होती. साहेबांना कळलं असतं तर नोकरीच गेली असती. तरी ती पुढे सरकली.

"काका, काहीतरी आकडा सांगा. साहेबांना खरा वाटेल एवढाच. नाहीतर तुमचं म्हणणं धरणारच नाहीत."

"म्हणजे विकायचं नसेल, तर आधी भाव सांगायचा?"

"हो."

"भलतंच आहे तुमचं," ते पुटपुटले. त्यांनी ताटली स्टुलावर ठेवली. मग आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. बोललेलं काहीच बायकोला उमगत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्यांनी कडी लावली. मग मुलीच्या कानाशी वाकून, अगदी हळू आवाजात, त्यांनी आकडा सांगितला.