नमुन्याची पिशवी

सकाळी दहाला चेतनाने मिरचीचा तिसरा ढीगही नापास केला. नंदुरबारच्या व्यापाऱ्याकडचा हा माल परदेशी पाठवायचा होता आणि आत बुरशी होती. ‘मायक्रोबायोलॉजी शिकून पुढे काय?’ हे घरात दोन वर्षं ऐकल्यावर मिळालेली ही पहिली नोकरी आता जाणार, हे धरूनच ती त्या व्यापाऱ्यासमोर, म्हणजे शेठजींसमोर उभी राहिली.

शेठजी चिडले नाहीत. “बेटा, तुन्ही नजर भारी शे,” ते म्हणाले. “मंग मुंबईले तपासाले धाडानी नमुन्यानी पिशवी आतेपाइन तूच भर. बिनबुरशीनी मिरची आमले कोठे वळखू येस?”


दुपारी नापास ढीग न्यायला ट्रक लागला, तेव्हा चेतनाने वेचलेल्या बिनबुरशीच्या मिरच्यांनी पिशवी अर्धी भरली होती.