लाल खूण

"वाढव ना नईमभाऊ! अजून वाढव!" लटारूने प्रचारगाडीचा कठडा गदागदा हलवला.

नईमचा हात आवाजाच्या बटणावरच होता. ॲम्प्लिफायर तीस वॉटचा, भोंगा मात्र पंधराच वॉटचा. मोठा भोंगा चांद्याला दुरुस्तीत पडला होता. म्हणून नईमने बटणाशेजारी नखाएवढी लाल खूण केली होती. त्यापुढे जायचं नाही.

"याच्या समोर गेलो तर भोंगा जळते, लटारूभाऊ. मंग सारंच बंद."

लटारूची बायको सुगंधा पहाटे मोहर्लीच्या रानात मोहं वेचायला गेली होती. दुपारी तिची टोपली सापडली. टोपलीशेजारी वाघाचे माग होते. गावात नेमकी प्रचाराची जीप आली होती, ती लोकांनी नाल्याकाठी आणून उभी केली. तेव्हापासून तासभर नईम माइकवरून हाका मारत होता, "सुगंधाबाईऽ, इकडं याऽ!" हाक टेकडीवर आपटून परत यायची, तोवर दुसरी सुटलेली असायची. माणसं तोंडाचा आ करून भोंग्याकडे बघत होती. एवढा मोठा आवाज या रानाने कधी ऐकला नव्हता.

म्हातारा मंगरू तेवढा दूर उकिडवा बसला होता, कानामागे हात धरून. "थांब ना बाबू जरासा," तो मधूनमधून म्हणायचा. नईमला वाटलं, म्हाताऱ्याला गोंगाट सोसत नसेल.

सूर्य टेकडीला टेकला. लटारूने नईमचे पाय धरले. "तुया भोंगा मोठा का माह्यी बायको?"

नईमने लाल खूण ओलांडली.

हाक अशी उठली, की मोहावरचे पोपट थव्याने उडाले. दुसरी हाक अर्ध्यावर फाटली. भोंग्यात चर्र झालं. जळक्या लाखेचा वास आला आणि सगळं बंद पडलं.

लटारू मटकन खाली बसला. वाळलेलं पान गळून पडलं, तेही ऐकू आलं.

मंगरूने हात वर केला.

नाल्यापलीकडून धाग्यासारखा बारीक आवाज आला. "ओऽ..."

सगळे धावले. भोंगा कुठवर पोचतो ते मोजायच्या सवयीने नईम पावलं मोजत होता. दोनशे दहा. सुगंधाचा घोटा सुजून टम्म झाला होता, गुडघे सोलले होते. तिच्यामागे पाचोळ्यात सरपटत आल्याचा पट्टा दूरवर गेला होता.

"भोंग्याच्या आवाजावर सरकत आली मी," ती म्हणाली. "कवाची ओ देऊन राह्यली. पन तुमी थांबतच नव्हते."