जुन्या नाक्याचं दार

"दार हिरवं होतं," ऑर्विल म्हणाला आणि त्यानं हेल्मेट टेबलावर ठेवलं.

थेल्मानं त्याचं कार्ड पुन्हा एकदा डोळ्यांजवळ नेलं. चर्चच्या तळघरात कॉफी उकळत होती. बाकीचे सहा जण तासाभरापूर्वीच पोचून, बूट काढून, पाय पसरून बसले होते. ऑर्विल नेहमीसारखा शेवटी आला होता. वय शहात्तर, उजवा गुडघा कामातून गेलेला. तरी दोन दिवसांत दोनशे मैल सायकल मारून गडी मुदतीच्या वीस मिनिटं आधी हजर!

"हिरवं?"

"हिरवं."

व्हरमाँटच्या त्या खेड्यापाड्यांतून दर सप्टेंबरात ही सायकलफेरी निघायची. वाटेत लढाईचं स्मारक, संगमरवराची बंद खाण, जुनी पाणचक्की. प्रत्येक ठिकाणचा एक प्रश्न कार्डावर छापलेला. उत्तर बरोबर लिहिलं, की माणूस तिथवर जाऊन आला हे सिद्ध. शेवटचा प्रश्न बटरनट टेकडीपलीकडचा, आणि तो गेली नऊ वर्षं तोच होता: छपराच्या लाकडी पुलाशेजारी जुन्या टोलनाक्याचं घर आहे, त्याच्या दाराचा रंग कोणता? ती टेकडी चढताना भल्याभल्यांच्या तोंडाला फेस यायचा. हमरस्त्यानं आलं तर टेकडीही टळायची आणि अकरा मैलही वाचायचे. प्रश्न तिथं ठेवला होता तो त्यासाठीच.

सहा कार्डांवर लाल लिहिलेलं. आयोजकानं दोन आठवडे आधी सगळा रस्ता सायकलनं तपासून स्वतःचं कार्ड भरायचं, असा नियम होता. थेल्माच्या त्या कार्डावरही लालच.

"अरे म्हाताऱ्या, चष्मा कुठल्या खिशात होता?" मर्टननं विचारलं. तो या घोळक्यातला सगळ्यात तोंडाळ.

"मला रंग चांगले कळतात, मर्टन. तुझं नाक लाल आहे, ते इथूनही दिसतंय."

सगळे हसले, पण उगाच हसल्यासारखे.

थेल्माला हसू आलं नाही. पहिल्या वर्षी एक्केचाळीस जण निघाले होते. काय दिवस होते ते! टेकडी चढता चढता लोक गप्पा मारायचे, गाणी म्हणायचे. ऑर्विल आणि त्याची बायको लोइस दोघांच्या सायकलवर असायचे. त्या पुलाजवळच थेल्माच्या सायकलची साखळी तुटली होती, वरून गारा पडत होत्या. ऑर्विलनं पुलाच्या छपराखाली बसून ती जोडून दिली आणि तोवर लोइसनं तिला खिशातलं सफरचंद खाऊ घातलं. ती चव थेल्माला अजून आठवायची.

लोइसला जाऊन चार वर्षं झाली. जाण्याआधी तिनं ऑर्विलकडून कबूल करून घेतलं होतं: एकही वर्ष न चुकवता तीस फेऱ्या पुऱ्या करायच्या. ही तिसावी. त्याचं नाव कोरलेलं पितळी पदक थेल्मासमोरच्या डबीत होतं. ऑक्टोबरात गुडघ्याचं ऑपरेशन. त्यानंतर सायकल बंद, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं.

"जाऊ दे ना, थेल्मा," मर्टन आता हळू आवाजात म्हणाला. "एका शब्दानं काय होतंय? पदक दे त्याला, आपण जेवायला बसू."

बाकीच्यांनीही पटापट माना डोलावल्या. सगळ्यांनाच एकदम ऑर्विलची दया आली होती.

थेल्मानं पेन पुढं सरकवलं. "दमला असशील, ऑर्विल. होतं असं कधी कधी. लाल लिही. मी बघितलंच नाही असं समजेन."

"पाहिलं ते लिहिलं. न पाहिलेलं कसं लिहू?"

तिनं नजर खाली वळवली.

"तू जाऊन आलीस ना तिकडं?" त्यानं विचारलं.

"माझ्या कार्डावर लाल आहे, ऑर्विल."

"मग खोड."

तिला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. तरी तिनं पेन उचललं आणि यादीतल्या त्याच्या नावावर आडवी रेघ मारली. ऑर्विलनं कार्ड घडी करून खिशात ठेवलं.

"लोइसला काय सांगू आता?" तो म्हणाला. कुणालाच उद्देशून नाही.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. नाक्याच्या घरात राहणारी ग्लॅडिस हातात भली मोठी टोपली घेऊन खाली आली.

"अगंबाई, कुणी गेलंबिलं की काय? असे काय बसलात?" तिनं टोपली धपकन टेबलावर ठेवली. "दर रविवारी मी इथं प्रार्थनेला येते, म्हणून तुमची गाठ पडत नाही. यंदा म्हटलं, घरीच थांबावं, सात जणांना गरम डोनट खाऊ घालावेत. पहाटेपासून तळत बसले. आणि आला कोण? एकटा हा ऑर्विल! खिडकीतून दिसला, हात पुसत बाहेर धावले, हाका मारमारून घसा बसला, पण वाऱ्यात याला ऐकू येईल तर शपथ. पुलावरून गेलासुद्धा!"

टोपलीला कुणी हात लावला नाही. मर्टन खाली वाकून बूट शोधू लागला.

"ग्लॅडिस," थेल्माच्या तोंडून कसंबसं निघालं, "तुझं दार..."

"हिरवं केलं! झकास दिसतंय, की नाही रे ऑर्विल?" ग्लॅडिस थेल्माकडं वळली. "तू रस्ता तपासायला येणार म्हणून कळवलं होतंस ना, म्हणून मुद्दाम तेच दिवस धरले. म्हटलं, रंगवता रंगवता तुझ्याशी गप्पा होतील. शनिवार-रविवार, प्रार्थना बुडवून दोन्ही दिवस दारात ब्रश घेऊन बसले होते गं! तू गेलीस तरी कुठल्या रस्त्यानं?"