धुतलेला चंबू

प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या मावशी निवृत्त झाल्या आणि त्याच महिन्यात मलेरियावरचं नवं औषध रुसून बसलं. तीन वर्षं बिनबोभाट जमणारी पांढरी भुकटी काही केल्या जमेना. चंबूत नुसता तपकिरी चिकटा उरायचा. रसायनं बदलून झाली, शेगडी बदलून झाली, एकमेकांवर खेकसूनही झालं. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर संशोधन गुंडाळा, असा वरून निरोप आला.

शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी मावशींना बोलावून घेतलं. "खरं सांगा, भांडी कशी धुवायचात?"

मावशींचा चेहरा पडला. "रागावू नका हं, बाई. शेवटी ते बाटलीतलं शुद्ध पाणी फिरवायला तुम्ही बजावलं होतंत. पण एवढं महागाचं पाणी मोरीत ओतायला हात धजायचा नाही. मी आपलं नळाचंच फिरवायचे."

"तिन्ही वर्षं?"

"पहिल्या दिवसापासून."

बाईंनी एक चंबू त्यांच्या हातात दिला. "धुवा. अगदी तस्साच."

शुक्रवारी, नळाच्या पाण्यातल्या क्षारांचा कण धरून, त्यात पांढरीशुभ्र भुकटी जमली.


औषधाच्या कृतीत आता पहिली पायरी अशी आहे: 'चंबू मावशींकडून धुऊन घ्यावा.'