भेटी कुणी लक्षात ठेवायच्या

मंदाकिनीबाईंचे यजमान वारले, पण विमा कंपनीचा जुना प्रोग्राम त्यांच्यावाचून कुणालाच उमगत नव्हता. म्हणून कंपनीनं मरणाआधी त्यांचं मन उतरवून त्या प्रोग्राममध्येच बसवलं होतं.

“काकू, काकांना आत्तासारखं प्रोसीजर म्हणून, म्हणजे दर वेळी नव्यानं उघडणाऱ्या बंद कप्प्यात ठेवलं तर आठवणी शाबूत राहतील, पण प्रत्येक भेट ते विसरतील,” इंजिनिअर रुबिना म्हणाली. “सबरूटीन केलं, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक जागेत ठेवलं, तर भेटी लक्षात राहतील, मात्र बाकीचे प्रोग्राम त्यांच्या आठवणी पुसून त्यावर काहीबाही लिहितील.”

बाई माइककडे वळल्या. “अहो, आपल्या ईशाला मुलगी झाली.”

“काय सांगतेस! तुझ्यावर गेलीय का गं?” यजमानांचा आवाज भरून आला. काल हीच बातमी ऐकतानाही तो असाच भरून आला होता.

“प्रोसीजरच राहू दे,” बाई रुबिनाला हळूच म्हणाल्या. “भेटी काय, मी एकटी लक्षात ठेवीन.”