हिरवी फळी

जोगेश्वरीच्या विमलाबाई एकेचाळीस वर्षं अभिमानानं सांगत आल्या, की आपला नवरा आसामच्या जंगलातल्या गुप्त विमानतळावर विमानं राखताना जपानी बॉम्बमध्ये गेला. १९८५ साली त्याचा तिथला सोबती धाकू घरी आला. "लढाई संपल्यावर सायबांनी तळ तसाच टाकला, वयनी. परवा जाऊन बघितला, नुसतं रान माजलंय," म्हणत त्यानं पिशवीतून हिरव्या रंगाची फळी काढली. "हा विमानाच्या पंखाचा तुकडा." विमलाबाईंनी फळीवर बोट फिरवलं. "लाकडाचा?" "सगळी विमानं लाकडाचीच होती. शत्रूनं खरा तळ सोडून तिथं बॉम्ब टाकावेत, म्हणून मांडलेली. आम्ही लांबून पहारा द्यायचो, जवळ जाऊ देत नव्हते, कळणार कसं?" विमलाबाईंनी फळी उलटी करून पाहिली. त्यांनी विचारलं, "मग माणसं तेवढी खरी कशाला ठेवली?" धाकू खाली बघत म्हणाला, "रात्री शत्रूला तळ दिसावा म्हणून धावपट्टीवर दिवे पेटवायला कोणीतरी हवं होतं, वयनी."