मानाचा नंबर

मेमो टाइप होऊन आलासुद्धा. चौकशी नाही, विचारणं नाही, सरळ मेमो. "आपल्या हलगर्जीपणामुळे सकाळी साडेनऊपासून माल पाठवणे बंद पडले आहे," असं त्यात लिहिलेलं आणि खाली नंदाच्या सहीसाठी जागा सोडलेली.

महिपत साहेबांनी कागद तिच्यापुढे सरकवला, वर पेन ठेवलं. कोलशेतच्या या रंगाच्या कंपनीत ते बावीस वर्षं प्रशासन बघत होते आणि मेमो देण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. शेजारी कारखान्याचे मॅनेजर अण्णा बसलेले. बाहेर सत्त्याण्णव सालच्या मेचं ऊन आणि गेटवर अकरा ट्रक. सर्व्हर बंद म्हणून चलन निघत नव्हतं, आणि चलनाशिवाय रंगाचा एक डबा बाहेर पडत नाही. कंपनीचे कॉम्प्युटर नंदा सांभाळायची. तिचं सहा महिन्यांचं प्रोबेशन सोमवारी संपत होतं. या मेमोवर सही केली की कायम होण्याचं पत्र विसरायचं, हे शिपायालाही कळत होतं.

नंदाने पेनाला हात लावला नाही. काखेतली वही काढून तिने टेबलावर आपटली.

नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनला स्वतःचा आयपी अ‍ॅड्रेस लागतो. पुढचे आकडे सगळ्यांचे सारखे, शेवटचा ज्याचा त्याचा, आणि ऑफिसात सगळे त्या शेवटच्या आकड्यालाच नंबर म्हणत. कुठला नंबर कुणाला दिला, ते नंदा या वहीत लिहून ठेवायची. कारण एकच नंबर दोन मशीनना गेला की एकाला बाहेर बसावं लागतं. त्यातला पहिला, म्हणजे एक नंबर, सर्व्हरचा होता. आज सकाळी लाइट जाऊन आले, सर्व्हर सुरू झाला आणि बघतो तर त्याच्या नंबरावर आधीच कुणीतरी येऊन बसलेलं.

कोण, तेही नंदाने शोधलेलं. मशीनमधल्या नेटवर्क कार्डालाही एक नंबर असतो, बारा आकडी-अक्षरी. तो कार्ड बनतानाच पडतो, कुणाच्या मर्जीने बदलत नाही. नोव्हेंबरात बत्तीस टेबलांखाली रांगून, एकेक मशीन उघडून तिने ते सगळे उतरवून घेतलेले. तेव्हा लोक तिला हसलेले. आज सर्व्हरच्या पडद्यावर घुसखोराच्या कार्डाचा नंबर आला, तो तिने वहीत ताडून बघितला. चौदावी ओळ. महिपत साहेब.

साहेब आधी नाहीच म्हणाले. मग म्हणाले, चुकून हात लागला असेल. हात लागून आकडे बदलतात होय? चार खिडक्या उघडाव्या लागतात, आकडे खोडून नवे टाकावे लागतात, मशीन बंद करून परत चालू करावं लागतं. हे सगळं साहेबांनी नंदाला करताना पाहिलेलं. तिने ते सरळ तोंडावर सांगितलं तेव्हा कुठे खरं बाहेर आलं, आणि तेही वरच्या आवाजात.

"स्टोअरच्या सखुबाईंना तेरा आणि मला चौदा? इंटरकॉम हुद्द्याप्रमाणे, गाड्यांच्या जागा हुद्द्याप्रमाणे, आणि ही पोरगी मला स्टोअरच्या खाली बसवते."

घ्या. अकरा ड्रायव्हर उन्हात शिव्या घालत उभे, ते याच्यासाठी. नंदाने नंबर दिलेले ते भिंतीवरून वायर जशी गेली तसे. सखुबाईंचं टेबल आधी लागतं, साहेबांची केबिन नंतर. लहान नंबराचं मशीन काही जोरात पळत नाही. हे सांगता सांगताच आपण भिंतीशी बोलतोय हे तिला कळलं.

मग अण्णा समजुतीने बोलायला लागले. भला माणूस, सगळेच म्हणत. म्हणाले, साहेबांकडून झालं खरं, पण हेड ऑफिसला कुणाचं तरी नाव कळवावं लागणार. साहेबांचं कळवलं तर बावीस वर्षांवर पाणी. नंदाचं काय, वय लहान आहे, तिला दुसरीकडेही मिळेल. आता सही करून टाकावी, पुढचं पुढे बघू.

पुढचं पुढे! नंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. पुरावा वहीत, कबुली साहेबांच्या तोंडची, आणि सही तिने करायची. कोळीवाड्यातली पोर, कॉम्प्युटर शिकून आली, उद्या नसली तर कोण विचारणार आहे. एवढाच हिशोब होता यांचा, आणि तो मांडताना आवाज किती गोड.

"आणि एक कर," अण्णा म्हणाले. "एक नंबर सर्व्हरलाच राहू दे. महिपतरावांना दोन दे. त्यांचाही मान राहील."

नंदाने वही त्यांच्याकडे फिरवली आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"दोन नंबर तुमचा आहे, अण्णा. वायरी टाकल्या त्या दिवशी तुम्हीच मागून घेतलेला. तो देऊ का साहेबांना?"

अण्णांनी ओळ वाचली. परत वाचली. महिपत साहेब मोठ्या आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

अण्णांनी टेबलावरचा मेमो उचलला आणि सावकाश मधोमध फाडला.

"चौदात काय वाईट आहे, महिपतराव?" ते म्हणाले. "नंबराने कधी माणूस मोठा होतो का?"